उलट बाजू कोण मांडणार

सातवीला भाषा शिकवणाऱ्या बाईंनी त्या वर्षी निबंध बंद केले. त्याऐवजी आठवड्यातून दोन तास वाद घालायचा. फळ्याचे तीन भाग करायचे: पहिल्यात ‘माझं म्हणणं’, दुसऱ्यात ‘पुरावा’, तिसऱ्यात ‘उलट बाजू’. दप्तराचं वजन, गणवेशाचा रंग, मधली सुट्टी लांबवावी की नको, अशा कशावरही वाद चाले. फक्त ‘मला वाटतं’, ‘सगळेच म्हणतात’ आणि ‘उघडच आहे’ हे तीन शब्दप्रयोग वर्गात चालत नसत. कुणाच्या तोंडून चुकून निघालेच तर बाकीची एकोणचाळीस पोरं एका सुरात ओरडत, “पुरावा?”

शेजारच्या वर्गातले गणिताचे सर वैतागत. बाई मात्र खूश होत्या. बारा-तेरा वर्षांची पोरं कागदपत्रं गोळा करत होती, शिपायाला आणि बसवाल्याला प्रश्न विचारत होती. त्यात सगळ्यांच्या वरताण एक मुलगी होती, तिला वर्गानं ‘वकीलीण’ नाव ठेवलं होतं. उंच, दोन घट्ट वेण्या, आणि बोलायला लागली की समोरच्याला पळता भुई थोडी. दप्तराच्या वादासाठी तिनं आजीचा वजनकाटा शाळेत आणून तीस दप्तरं तोलली होती.

त्याच वर्गात आणखी एक मुलगी होती, वर्षाच्या सुरुवातीला दुसऱ्या गावाहून आलेली. वर्ष संपत आलं तरी पोरं तिला ‘नवी’च म्हणत. शेवटून दुसऱ्या बाकावर खिडकीशी बसायची. विचारलं तर उत्तर द्यायची, नाही विचारलं तर नाही. मधल्या सुट्टीत डबा संपवला की थेट वाचनालयात.

एका मंगळवारी मुख्याध्यापिकांनी बाईंना बोलावून घेतलं. खोलीत ग्रंथपाल सर उभे होते. टेबलावर प्राण्यांची माहिती देणारे पाच जाड खंड रचून ठेवले होते. वाचनालयातलं सगळ्यात देखणं काय, तर ते खंड. पाहुणे आले की सर तेच काढून दाखवायचे.

“बघा,” सर म्हणाले आणि पक्ष्यांचा खंड उघडला. एकशे बारानंतर थेट एकशे पंधरा. मध्ये शिलाईजवळ बोटभर रुंदीची कागदाची पट्टी उरली होती. “ब्लेडनं कापलंय. पाच खंडांत मिळून चौदा पानं. सगळी चित्रांची.”

“कधी झालं हे?”

“परवा माझ्या लक्षात आलं.” सरांनी खंड मिटला. “मी कुणाचं नाव घेत नाही. ही मधल्या सुट्टीची नोंदवही आहे, तुम्हीच बघा.”

वहीत पानामागून पान एकच सही होती. नवीची. अधूनमधून दुसरी कुणाची तरी, पण रोजची तिचीच.

मुख्याध्यापिका चष्मा पुसत म्हणाल्या, “पुढच्या महिन्यात वाचनालयाची तपासणी आहे. त्याआधी याचा निकाल लागायला हवा. मुलगी तुमच्या वर्गातली आहे. तुम्ही जरा बघता का?”

बाई ‘बघते’ म्हणाल्या. जिना उतरता उतरता त्यांना आठवलं, गेल्या आठवड्यात बाकांमधून फिरताना नवीच्या कंपासपेटीत ब्लेड दिसलं होतं. कागदात गुंडाळलेलं, अर्धं. तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. आता मनात शंकेची पाल चुकचुकली.

त्या दिवसापासून बाई नवीकडे वेगळ्या नजरेनं बघू लागल्या. ती दप्तर मांडीवर घेऊन का बसते? आपण जवळ गेलो की वही का मिटते? बुधवारी बाईंनी सहज म्हणून ती वही मागितली. नवीनं जरा थांबून दिली. आत पेन्सिलीनं काढलेले पक्षी होते. पानापानावर पक्षी, पिसंन् पीस रेखलेलं. कापलेली पानंही चित्रांचीच होती.

“ही वही राहू दे माझ्याकडे,” त्या म्हणाल्या.

“का?” नवीनं विचारलं. तिनं आपणहून विचारलेला तो बहुधा पहिलाच प्रश्न असेल. बाई वही काखेत धरून पुढच्या बाकाकडे गेल्या.

घरी त्या आपल्या थोरल्या बहिणीबरोबर राहत. ताई रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. जेवताना बाईंनी सगळं सांगितलं, नोंदवही, ब्लेड, पक्षी.

“मग तिला विचारलंस?” ताईनं विचारलं.

“विचारून कोण कबूल करतं?”

“म्हणजे निकाल आधीच लिहून ठेवलायस. आता नुसता नमुना शोधतेयस.”

“ताई, तू प्रत्येक गोष्टीत तुझी लॅब आणू नकोस हं.”

ताईनं खांदे उडवले आणि ताट उचललं. बाईंना राग आला, आणि खरं तर त्या रागाच्या भरातच त्यांनी दुसऱ्या दिवशीचा तास ठरवला.

गुरुवारी त्यांनी फळ्यावर तीन रकाने आखले आणि म्हणाल्या, “आपल्या वाचनालयातल्या पुस्तकांतली चित्रांची चौदा पानं कुणीतरी ब्लेडनं कापली आहेत. कुणाचंही नाव घ्यायचं नाही. असं झालं तर शोध कसा घ्यायचा, पुरावा कशाला म्हणायचं, एवढंच सांगायचं.”

नाव घ्यायचं नाही, हे त्यांनी खरोखर मनापासून सांगितलं होतं. पण वर्ग म्हणजे काय चीज असते हे इतकी वर्षं शिकवून त्यांना ठाऊक असायला हवं होतं. पाच मिनिटांत वकीलीण उभी राहिली.

“कापणारी व्यक्ती वाचनालयात रोज जाणारी असणार. एकदाच गेलेल्याला चौदा पानं कापता येणार नाहीत.”

“ठीक.” बाईंनी लिहिलं.

“तिच्याकडे ब्लेड असणार. शार्पनर वापरणाऱ्याकडे ब्लेड नसतं.”

मागून कुणीतरी खुसखुसलं. दोन-तीन माना खिडकीकडे वळल्या.

“आणि तिला चित्रांची आवड असणार. नुसतं नुकसानच करायचं असतं तर मजकुराची पानंही फाडली असती.”

आता सगळ्याच माना वळल्या. दुसऱ्या रकान्यात एकाखाली एक तीन ओळी, स्वच्छ, मुद्देसूद. एखाद्या चांगल्या मास्तरणीला अभिमान वाटावा असा फळा झाला होता. आणि बाईंना, लाज वाटण्याआधी, क्षणभर अभिमानच वाटला.

“उलट बाजू कोण मांडणार?” त्यांनी विचारलं.

कुणाचाही हात वर गेला नाही.

मग नवी उठली. बाकाची कड धरून म्हणाली, “मी नाही केलं.”

“हे तुझं म्हणणं झालं,” वकीलीण मागे वळून म्हणाली. “पुरावा?”

आणि मग रोजच्या सवयीनं, कुणाच्याही मनात विशेष काही वाईट नसताना, अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, “पुरावा?”

नवी उभीच राहिली. तिनं बाईंकडे पाहिलं. घंटा झाली. खडूचा हात पुसत त्या म्हणाल्या, “बसा सगळे, बसा,” आणि स्वतःच बाहेर पडल्या.

शुक्रवारी नवी आली नाही. शनिवारी अर्धी शाळा होती, तेव्हाही नाही.

शनिवारी शाळा सुटल्यावर बाईंनी वकीलिणीला थांबवून घेतलं. “गुरुवारी उलट बाजू राहिली,” त्या म्हणाल्या. “ती तू मांडायचीस.”

“मी? पण बाई, मीच तर...”

“म्हणूनच. हे सगळं तूच बांधलंयस, कच्चं कुठे आहे ते तुलाच कळेल.”

वकीलिणीनं तोंड वाकडं केलं. पण हरायचं तिला जमत नसे, मग ते स्वतःविरुद्ध का असेना. पाचही खंड मुख्याध्यापिकांच्या कपाटात होते. किल्ली मिळाली, दोघी कचेरीतल्या लांब टेबलाशी बसल्या. बाईंनी नवीची वहीही समोर ठेवली.

दहा मिनिटं गेली असतील, ग्रंथपाल सर दारात आले. “खंड परत कधी मिळतील?”

“बघतोय अजून.”

“जरा जपून. जास्त उघडझाप केली की शिलाई सुटते.” ते गेले. पाव तासानं पुन्हा आले, तेच विचारून गेले. बाईंना ते जरा चमत्कारिक वाटलं. शिलाई तर चांगली दणकट होती.

वकीलीण मात्र पक्ष्यांच्या खंडाच्या मागची सूची काढून बसली होती. डाव्या हाताचं बोट सूचीवर, उजवा हात नवीच्या वहीची पानं उलटतोय. ओठ हलत होते. एकदा झालं, दुसऱ्यांदा केलं. मग हळू आवाजात म्हणाली, “बाई, हिच्या वहीत एकोणीस पक्षी आहेत.”

“बरं.”

“एकोणीसच्या एकोणीस पक्ष्यांची पानं पुस्तकात जागेवर आहेत. आणि कापलेल्या पानांवर कोणते पक्षी होते ते सूचीत कळतं. गरुड, हंस, सुतारपक्षी... त्यातला एकही हिच्या वहीत नाही.”

बाईंनी वही ओढून घेतली. तीन दिवस ती त्यांच्या कपाटात पडून होती. त्यांनी ती चार वेळा तरी चाळली असेल. ‘पक्षी’ एवढंच त्यांना दिसलं होतं. कोणते पक्षी, हे बघायची बुद्धीच झाली नव्हती.

“पण यावर उलट बाजू आहे,” वकीलीण लगेच म्हणाली. “कापून घरी नेली असतील तर वहीत कशाला काढेल?”

“बरोबर. मग?”

“मग अजून लागेल काहीतरी.” तिनं खंड उलटा केला. मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला निळा शिक्का होता, पुस्तकबांधणीच्या दुकानाचा. खाली हातानं लिहिलेली तारीख. तीन वर्षांपूर्वीची.

वकीलिणीनं कापलेल्या पानाजवळची पट्टी पुन्हा उघडली.

“बांधल्यावर कापली की बांधायच्या आधी?” वकीलिणीनं विचारलं. तिचा आवाज आता वर्गातल्यासारखा नव्हता.

“ते ज्यानं बांधलं त्यालाच विचारायला हवं,” बाई म्हणाल्या.

दुकान शाळेमागच्या गल्लीत होतं, दोघी लगेच तिकडे गेल्या. तिथं पुस्तकं बांधणारी एकटीच काम करत होती, साठीची, अंगावर खळीनं कडक झालेला एप्रन. बाईंनी पिशवीतून खंड काढला. बाइंडरबाईंनी तो हातात घेतला आणि एखाद्या ओळखीच्या पोराचा कान पकडावा तसा पाठीकडून दाबून पाहिला.

“माझाच आहे.”

“यातली पानं कापलीत. आत्ता कापली की आधी, हे सांगता येईल?”

त्यांनी खंड दिव्याखाली नेला. उरलेल्या पट्टीवरून अंगठा फिरवला. “ही कड बघा. पट्टी शेजारच्या पानाला चिकटवलीय. मीच चिकटवते, नाहीतर असे खुंट पुढे सुटतात. आणि कापलेल्या कडेवर खळ वाळलीय, दिसतेय? बांधल्यावर कापलं असतं तर कड कोरडी असती, खळ तिथं पोचलीच नसती.” त्यांनी खंड परत दिला. “मी तेव्हाच सांगितलं होतं तुमच्या सरांना.”

“कुणाला?”

“वाचनालयाच्या. बोलावून दाखवलं होतं इथं. म्हटलं, चौदा पानं नाहीयेत, तसंच शिवू का? म्हणाले, शिवा.”

बाई गल्लीतून बाहेर आल्या तेव्हा खंड त्यांना दुप्पट जड वाटत होता. तीन वर्षांपूर्वी नवी या गावातच नव्हती. आणि ‘परवा माझ्या लक्षात आलं’ असं म्हणणाऱ्या माणसाला हे तीन वर्षं माहीत होतं.

सोमवारी सकाळी शाळा भरायच्या आधी त्या वाचनालयात गेल्या. सर फडक्यानं कपाटं पुसत होते.

“तुम्हाला माहीत होतं,” बाई दारातूनच म्हणाल्या.

“काय?”

“खंड बांधायला गेले तेव्हाच पानं नव्हती. बाइंडरबाईंनी तुम्हाला दाखवलं होतं.”

“ती म्हातारी काहीही बोलते.”

“खळ बोलत नाही काहीही. कडेवर वाळून बसलीय.”

सरांचा हात थांबला. फडकं घडी करून त्यांनी टेबलावर ठेवलं, मग खुर्ची ओढून बसले.

“बावीस वर्षं आहे मी इथं,” ते म्हणाले. “एक पुस्तक हरवलं नाही. तीन महिन्यांनी निवृत्त होतोय. तपासणीत हे निघालं असतं तर जाता जाता शेरा. तेव्हाच का कळवलं नाही, म्हणून.”

“म्हणून त्या पोरीचं नाव पुढे केलंत?”

“मी नाव घेतलं नाही, बाई.” त्यांनी मान वर केली. “मी फक्त वही दाखवली. बाकीचं तुम्हीच केलंत.”

बाईंना तिथल्या तिथे काहीतरी जहरी उत्तर द्यावंसं वाटलं. पण ‘कुणाचंही नाव घ्यायचं नाही’ असं फळ्यापाशी उभं राहून त्यांनीही म्हटलं होतं. शब्द जवळजवळ तेच होते.

“मग पानं कापली कुणी?”

“मला माहीत नाही. खरंच माहीत नाही.”

खरं की खोटं, बाईंना ठरवता आलं नाही. ते शेवटपर्यंत कुणालाच कळलं नाही. मुख्याध्यापिकांसमोर सरांनी सगळं कबूल केलं, लेखी दिलं आणि दुसऱ्या दिवसापासून रजेवर गेले.

सोमवारी संध्याकाळीच बाई नवीच्या घरी गेल्या. तिसरा मजला, अरुंद जिना. दाराची साखळी न काढताच आईनं फटीतून पाहिलं. दंतवैद्याकडे मदतनीस होती ती, अजून कामाचे कपडे अंगावर होते.

“आता काय सापडलं?” तिनं विचारलं.

“काही नाही. म्हणजे, तिनं केलेलं नाही हे सापडलं. मी माफी मागायला आलेय.”

“ती चार दिवस सांगतेच आहे, तिनं केलं नाही म्हणून. मला ते आधीच सापडलं होतं.” साखळी निघाली नाही. “तुम्ही म्हणे पोरांना शिकवता, वाद कसा घालायचा?”

“हो.”

“चांगलं शिकवता. माझ्या पोरीला चाळीस जणांनी मिळून हरवलं.”

आतून पावलं वाजली. आईच्या कोपराखालून नवीचा चेहरा दिसला. बाईंनी वही पुढे केली. तिनं फटीतून ती आत घेतली, पानं भरभर उलटून बघितली, सगळी आहेत याची खात्री करून घेतली. बाईंना ते बघवेना, पण त्या बघत राहिल्या. वहीची पानं तपासून घ्यावी लागावीत, असंच आपण वागलो होतो.

“उद्या येशील?” त्यांनी विचारलं.

“ते तीच ठरवेल,” आई म्हणाली आणि दार लावलं.

मंगळवारी नवी आली. शेवटून दुसऱ्या बाकावर, खिडकीशी. वकीलिणीनं आदल्या दिवशीच शोधाची बातमी सगळीकडे पोचवली होती, त्यामुळे कुणाला कुठे बघावं ते कळत नव्हतं.

बाईंनी फळा आखला नाही. टेबलाला टेकून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “गुरुवारी मी एक चूक केली आणि ती तुमच्याकडून वदवून घेतली. पुरावा कुणी द्यायचा, हे मी तुम्हाला कधी शिकवलंच नाही. जो आरोप करतो, त्यानं द्यायचा. ज्याच्यावर होतो, त्यानं नाही. ती ‘मी नाही केलं’ म्हणाली, तेव्हा तिच्याकडे पुरावा मागायचा आपल्याला हक्कच नव्हता. आणि तुम्ही मागितलात तेव्हा मी गप्प बसले. कारण मला आतून तीच दोषी वाटत होती.” मग त्या नवीकडे वळल्या. “माझं चुकलं. सगळ्यांसमोर चुकलं, म्हणून सगळ्यांसमोर सांगतेय.”

पहिल्या बाकावरचं कुणीतरी खाली मान घालून खोडरबर कुरतडत बसलं. वकीलीण उभी राहिली. “माझंपण,” एवढंच म्हणाली आणि पटकन बसली. एवढं छोटं वाक्य तिच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं.

नवीनं हात वर केला.

“बोल,” बाई म्हणाल्या.

ती उठली. या वेळी तिनं बाकाची कड धरली नव्हती. “बाई, ती खळ सापडली नसती तर?”

बाईंच्या मनात दोन-तीन उत्तरं आली. ‘तरी मी तुझ्यावर विश्वास ठेवला असता’ हे एक. ‘सत्य कधी ना कधी बाहेर येतंच’ हे दुसरं. दोन्हींना पुरावा नव्हता.

“तर आजही मी तुला चोर समजत असते,” त्या म्हणाल्या. “तोंडावर बोलले नसते. पण समजले असते.”

नवी जरा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली, उत्तर तोलून घेतल्यासारखी. मग मान हलवून खाली बसली.

तिनं माफ केलं की नाही, हे बाईंना त्या दिवशी कळलं नाही, पुढेही कळलं नाही. मधल्या सुट्टीत वकीलीण डबा घेऊन तिच्या बाकाशी जाऊ लागली. पहिले अकरा दिवस नवी तिच्याशी एक शब्द बोलली नाही. वकीलीण रोज जायची, खायची, उठून यायची. बाराव्या दिवशी जिन्यावरून उतरताना बाईंना वर्गातून दोघींचे आवाज ऐकू आले. कशावरून तरी भांडत होत्या. नवीचा आवाज वरचढ होता.